कदली, केळी आणि केयी : लोपलेल्या भाषांचे आजचे स्थान

सावदा परिसरातील केळीच्या मळ्यात 'केयी' हा शब्द सहज कानी पडतो. येथील लेवा गणबोलीत प्रमाण मराठीतील 'ळ'च्या जागी 'य' येतो. डोळ्याचा 'डोया' होतो, मळ्याचा 'मया' होतो. असे बोलणारे मूल शाळेत हास्यास्पद ठरते. हा उच्चार अशुद्ध मानावयाचा की भाषेच्या इतिहासाचे एक पान, हा प्रश्न आम्हांस येथे विचारात घ्यावयाचा आहे.

पालीत हाच शब्द 'कदली' असा आहे. संयुत्तनिकायातील फेणसुत्तात तथागतांनी संखारांना केळीच्या खोडाची उपमा दिली आहे : सोपटे सोलत गेले तरी आत गाभा सापडत नाही. सावद्याच्या शेतकऱ्याला यासाठी अट्ठकथेची गरज नाही. पुढे प्राकृतात स्वरांमधील 'द' गळाला आणि 'कयली', 'केली' अशी रूपे आली. मराठीत 'केळी' झाली, गणबोलीत 'केयी'. म्हणजे 'केयी' हा बिघाड नसून त्याच प्रवासाचा पुढचा टप्पा होय.

पाली व महाराष्ट्री प्राकृत आज कोणाचीही मातृभाषा नाही. तथापि चाळीसगावजवळच्या पितळखोरा लेण्यांत पैठणच्या गंधिकाने व राजवैद्याने आपले दान प्राकृतातच कोरविले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीसह पाली व प्राकृत यांना अभिजात भाषेचा दर्जा दिला. ग्रंथांतील भाषांचा हा गौरव उचितच आहे. परंतु ओठांवरील बोलींचे काय?

चुल्लवग्गात यमेळु व तेकुल या भिक्खूंनी बुद्धवचन छंदात बसविण्याची अनुज्ञा मागितली. तथागतांनी ती नाकारून 'सकाय निरुत्तिया' शिकण्यास सांगितले. अट्ठकथाकार याचा अर्थ बुद्धांची स्वतःची मागधी असा करतात. अनेक आधुनिक अभ्यासक 'ज्याची त्याची भाषा' असा करतात. वाद राहो, मज्झिमनिकायातील अरणविभंगसुत्त मात्र निःसंदिग्ध आहे. एकाच भांड्याला एका जनपदात 'पाति', दुसऱ्यात 'पत्त', तर अन्यत्र 'सराव' म्हणतात. तेव्हा आपलाच शब्द खरा असा हट्ट धरू नये, असा तेथे उपदेश आहे.

लेखनात न उतरलेली बोली बोलणाऱ्यांबरोबर लोपते, आणि लाज हेच त्या लोपाचे पहिले कारण ठरते. म्हणून विहारात पाली शिकणाऱ्या मुलांनी घरी आजीचे शब्दही वहीत टिपून ठेवावेत. 'कदली' जाणणाऱ्याने 'केयी'ला हसू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.