कोल्हापूरचे वायल्डर पाद्री

रॉयल गूल्ड वायल्डर (१८१६–१८८७) मूळचे अमेरिकेतल्या व्हरमाँटचे. १८४६ मध्ये ते अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेतर्फे अहमदनगरला आले, १८५२ मध्ये कोल्हापूरला. त्यांचा भर शाळांवर. बोर्डाच्या वरिष्ठांना मात्र शाळांपेक्षा प्रवचन आणि मंडळी महत्त्वाची वाटत. यावरून खटके उडाले, बोर्डाने कोल्हापूरचे काम थांबवले. वायल्डरही हट्टी, अमेरिकेला गेलेले ते १८६१ मध्ये स्वतःच्या हिमतीवर कोल्हापूरला परत आले. पाठीशी संस्था नाही, पैशाची चणचण, तरी जवळजवळ दशकभर त्यांनी काम रेटले. १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनने ते आपल्याकडे घेतले.

प्रकृतीने साथ सोडल्यावर ते प्रिन्स्टनला जाऊन राहिले. निवृत्ती म्हणायची ती नावापुरतीच! १८७८ मध्ये त्यांनी ‘मिशनरी रिव्ह्यू’ मासिक काढले आणि त्यात मिशन संस्थांच्या कारभारावरही बेधडक लिहिले. त्यांच्या घरी कॉलेजचे विद्यार्थी प्रार्थनेला जमत. कोल्हापुरात जन्मलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट त्यांतलाच. परदेशी मिशनकार्यासाठी १८८६ मध्ये सुरू झालेल्या विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीचा तो एक प्रवर्तक. मुलगी ग्रेस वडिलांच्या पश्चात भारतात परतली. कोल्हापुरातले वायल्डर मेमोरियल चर्च वायल्डर पाद्रींच्याच नावाचे.