अडुळशाचा काढा घ्यावा, पण किती दिवस?

डहाणूच्या आमच्या घरामागे अडुळशाचं कुंपण आहे. पावसाळ्यात कुणी खोकू लागलं, की सासूबाई लगेच म्हणतात, "अगं, चार पानं खुडून आण."

तलासरीकडून भाजी घेऊन येणाऱ्या मावशी गेल्या वर्षी सारख्या खोकत असत. मी त्यांना पानं दिली, "नेमाने काढा घ्या हं," असं बजावलंही. तीन आठवडे गेले. मावशी वाळत चालल्या, संध्याकाळी अंगात कसकस. शेवटी थुंकी तपासली, तर क्षय निघाला! सहा महिने गोळ्या घेऊन आता त्या बऱ्या आहेत. पण घरात लहान नातवंडं असताना गेलेले ते तीन आठवडे माझ्या मनाला अजून टोचतात.

मग अडुळसा खोटा का? मुळीच नाही. त्याच्या पानांत वासिसीन नावाचं द्रव्य असतं. त्याच्याच आधारे ब्रोमहेक्झिन आणि पुढे अँब्रॉक्सॉल ही औषधं तयार झाली. खोकल्याच्या बाटलीवर ही नावं आपण वाचलीही असतील. चिकट कफ पातळ करून सोडवायचा, हे त्यांचं काम. पण कफ सुटणं वेगळं आणि फुप्फुसातले जंतू मरणं वेगळं! प्रयोगशाळेत अडुळशाच्या अर्काने काही जंतूंची वाढ रोखलेली दिसली आहे. पण नुसत्या काढ्याने माणसाचा क्षय किंवा न्यूमोनिया बरा होतो, असा पुरावा नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं ध्यानात ठेवा :

• खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, की थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.

• आजारी मुलाचे श्वास घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असली, तर काढा उकळत बसू नका. तडक डॉक्टरांकडे न्या.

• गरोदरपणी अडुळसा नको. वासिसीनमुळे गर्भाशय आकुंचन पावू शकतं.

• वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका.

मावशी अजूनही शेजारणींसाठी पानं मागतात. मी देते. पण आधी विचारते, "खोकला किती दिवसांचा?"