केरसाहेबांचा शोध

'रिंगा रिंगा रोझेस' म्हणत धपकन खाली बसणारी बालवाडीतली पोरं म्हणे लंडनच्या प्लेगमधले मुडदे रंगवत असतात. हा निरोप व्हॉट्सअॅपवर अधूनमधून फिरतोच. गुलाब म्हणजे अंगावरचं पुरळ, मग शिंका, मग मरण. ऐकायला झकास! पण तो प्लेग १६६५चा आणि इंग्लंडात हे गाणं छापलं गेलं १८८१ साली, केट ग्रीनअवेच्या पुस्तकात. प्लेगचा अर्थ त्याला चिकटला तो बहुतांशी दुसऱ्या महायुद्धानंतर. शिवाय पुण्याच्या १८९७च्या साथीच्या गोष्टी ज्यांनी घरात ऐकल्या आहेत, त्यांना काखेतली गाठ माहीत आहे. शिंकांनी तेव्हा कुणी घाबरलं नसतं.

हम्प्टी डम्प्टीचंही तेच. साधं कोडं, उत्तर अंडं. त्याची कुणी कोल्चेस्टरच्या वेढ्यातली तोफ केली, तर १९५६ साली ऑक्सफर्डच्या डेव्हिड डॉब या कायद्याच्या प्राध्यापकाने ग्लॉस्टरच्या वेढ्यातलं यंत्र.

या सगळ्यांचा आजोबा शोभावा असा माणूस मात्र आज कुणाला आठवत नाही: जॉन बेलेंडेन केर.

जन्माने तो गॉलर. सैन्यात कॅप्टन होता. फ्रेंच राज्यक्रांतीबद्दल सहानुभूती दाखवली म्हणून १७९३ साली नोकरी गेली. १८०४ मध्ये आडनाव बदललं. दूरच्या नात्यातल्या एका ड्यूकची इस्टेट मिळायची होती, तीही कोर्टकचेरीत हातची गेली. वनस्पतिशास्त्रात मात्र गडी पक्का. 'बोटॅनिकल रजिस्टर' या नियतकालिकाचा तो पहिला संपादक. अॅस्पिडिस्ट्रा या प्रजातीचं नामकरण त्याचंच, १८२२चं.

आणि मग सत्तरीच्या उंबरठ्यावर, १८३४ साली, याच काटेकोर माणसाने इंग्रजी वाक्प्रचार आणि बडबडगीतांच्या 'पुरातत्त्वा'वर ग्रंथ काढला. सिद्धान्त असा: ही गाणी मुळात इंग्रजी नाहीतच. ती आहेत जुन्या डचसारख्या एका भाषेत, जी कधीकाळी इंग्रजांचीही होती. परक्या धर्मसत्तेने लोकांना नाडलं, तेव्हा त्यांनी भिक्षू-पाद्र्यांना या गाण्यांतून शिव्या घातल्या. पुढे भाषा बदलली, अर्थ विसरला, नुसता नाद पोरांच्या तोंडी उरला.

पद्धत सोपी. इंग्रजी ओळ घ्यायची, तिच्या उच्चारासारखे डच वाटतील असे शब्द मांडायचे आणि त्यांचा पुन्हा इंग्रजीत अर्थ लावायचा. प्रत्येक वेळी आतून लबाड पाद्री निघे. व्हॅटिकनमध्ये 'वाटिका' ऐकणारे आपले पु. ना. ओक या वाचनावर खूश झाले असते. अडचण एवढीच, की केरची ती डच कोणत्याही डच माणसाने कधी बोललेली नव्हती. ती त्याने स्वतःच घडवली होती.

लोक हसले. केर हटला नाही. १८३५ साली दुसरी आवृत्ती आली, १८४० आणि १८४२ मध्ये पुरवण्या. हा सगळा वेडेपणा म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. पण सत्तेवरच्या रागापायी नोकरी गमावलेल्या माणसाला पाळण्यातल्या गाण्यांतही बंडच ऐकू यावं, हे अगदीच अनाकलनीय नाही.

१८४२च्या जूनमध्ये केर वारला. त्याच वर्षी जेम्स हॅलिवेलचा इंग्रजी बालगीतांचा संग्रह निघाला आणि पुढच्या अभ्यासाची वाट तिथून गेली. केरचा अॅस्पिडिस्ट्रा व्हिक्टोरियन काळात इंग्लंडच्या दिवाणखान्यांतली लाडकी कुंडी झाला. शास्त्रीय नावांच्या शेवटी 'केर गॉल.' हा त्याचा संक्षेप वनस्पतिशास्त्रज्ञ आजही लिहितात.