शटर उघडण्याआधीचं माप

सकाळी 6:30

दुकानांच्या बोर्डांची मापं घ्यायची ती बाजार उघडायच्या आधी. अकरानंतर अमरावतीच्या जवाहर गेटच्या आत टेप सरळ धरता येत नाही. सकाळी शटरं खाली असतात, त्यामुळे दुकानाचं तोंड या खांबापासून त्या खांबापर्यंत मोकळं दिसतं. पेंढाऱ्यांच्या धास्तीनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमरावतीभोवती परकोट उभा राहिला आणि त्याच्या आत पेठा दाटीनं वाढल्या. इथले गाळे तोंडाला अरुंद, आत खोल. म्हणून दर्शनी भागाच्या इंचाइंचाला मोल आहे.

आजच्या गाळ्याचं शटर 8 फूट 4 इंच भरलं. मालकांना 10 फुटांचा बोर्ड हवा आहे. "लाव ना गा, शेजारी काई म्हणत नाई," ते म्हणतात. मी दोन्ही बाजूंचे खांब दाखवतो. खांब 9 इंची आणि सामाईक. एका खांबाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत 9 फूट 1 इंच होतात. तेवढं यांचं. उरलेले 11 इंच शेजाऱ्यांच्या भिंतीवर जातील. शेजारी आज बोलणार नाहीत, पण उद्या त्यांचा मुलगा दुकानाला नवं रूप द्यायला निघेल तेव्हा हेच 11 इंच दोन घरांत भांडण लावतील. मी वहीत 9 फूट 1 इंच लिहितो आणि मालकांसमोर पुन्हा मोजतो.

अमेरिकेतल्या अनेक शहरांत दर्शनी भागाचं माप हाच सगळ्या हिशेबाचा पाया असतो. दुकानाचं तोंड जितके फूट, त्याच्या प्रमाणात बोर्डाचे चौरस फूट ठरतात. सुटी अक्षरं असली तर त्यांच्याभोवती चौकट आखून क्षेत्रफळ काढतात. आम्हीही सुट्या अक्षरांचा हिशेब तसाच करतो, कारण अक्षरांमधली रिकामी जागाही भिंतीवर अडलेली असतेच.

सकाळी 8:30

राजकमल चौकाजवळचं कोपऱ्यावरचं दुकान. त्याला दोन रस्त्यांवर दोन तोंडं आहेत आणि मी दोन्ही वेगळी लिहितो. मालकीणबाईंना गच्चीच्या कठड्यावर लोखंडी सांगाड्यात उंच अक्षरं उभी करायची आहेत. इथे टेपच्या आधी डोळा लागतो. मी रस्ता ओलांडून समोरच्या बाजूला जातो, चार ठिकाणी थांबून वर बघतो आणि फोटो काढतो. प्रत्येक फोटोत अक्षरांच्या जागी मागे निव्वळ आकाश येतं.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 244 नुसार हे आकाशचिन्ह झालं. रस्त्याच्या कोणत्याही एका जागेवरून ज्याचा काहीही भाग आकाशावर उमटलेला दिसतो ते आकाशचिन्ह, आणि त्याचा सांगाडाही त्यातच मोजला जातो. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय ते उभारता येत नाही आणि परवानगी एका वेळी दोन वर्षांपलीकडे मिळत नाही. लंडननं आपल्या छपरांवरच्या अशा पाट्यांना आवरायला 1891 मध्ये कायदा केला होता. गच्चीवरच्या पाट्यांची काळजी इतकी जुनी आहे.

याच कलमात एक सूटही आहे. भिंतीला किंवा कठड्याला पक्का बसवलेला, सलग पृष्ठभागाचा आणि कठड्याच्या वर 3 फुटांपेक्षा जास्त न जाणारा फलक आकाशचिन्हात धरला जात नाही. वारा सलग फळीला ढकलतो तसा जाळीदार सांगाड्यालाही ढकलतो. पण 3 फुटांचा बुटका फलक कठड्याच्या आधारानं उभा असतो, तर उंच सांगाडा पायाशी उखडतो. "काकू, कठड्याच्या तोंडावरच सलग बोर्ड घ्या," मी सांगतो. त्या विचार करते म्हणतात.

सकाळी 11:30

महानगरपालिकेत परवानगीसाठी बोर्डांचे नकाशे द्यायचे आहेत. गिऱ्हाइकांचा नेहमीचा प्रश्न असतो, "माह्याच दुकानावर माह्याच नावाची पाटी, मंग परवानगी कायले?" त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. कलम 245 मध्ये त्याच जागेत चालणाऱ्या धंद्याच्या पाटीला सूट आहे, पण ती पाटी दिव्याची नसेल आणि आकाशचिन्ह नसेल तरच. आत एलईडी बसवली की सूट संपते. रंगवलेली पाटी आणि उजळणारी पाटी एकाच मापाच्या असल्या तरी कायद्यासाठी वेगळ्या आहेत, हे मी आधीच सांगतो. वीज आली की आग आणि शॉक यांची जबाबदारीही आली.

दुपारी 2

कारखान्यात स्क्वेअर पाइप कापले जातायत. उन्हाचा तडाखा आहे, वेल्डिंग पंख्याच्या वाऱ्यातच चालू आहे. मी वाऱ्याचा हिशेब करतो. भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर दिला आहे. आपल्या भागातल्या वादळांसाठी मी तोच धरतो. वेगाचा वर्ग गुणिले 0.6 केलं की दर चौरस मीटरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. चौरस फुटाला साधारण 11 किलो. 10 बाय 3 फुटांच्या बोर्डावर हा भार सव्वातीनशे किलोंच्या घरात जातो. वेग दुप्पट झाला की भार चौपट होतो. जुन्या विटांच्या भिंतीत चार अँकर ठोकून तो पेलत नाही.

13 मे 2024 ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 जण गेले. मुंबईत 40 बाय 40 फुटांची मर्यादा होती आणि तो फलक रुंदीला, उंचीला निदान तिप्पट होता. तिपटीची तिप्पट म्हणजे वाऱ्यासाठी नऊपट पृष्ठभाग. खाली पेट्रोल पंपावर वादळापासून आडोसा शोधणारी माणसं होती. मर्यादेचा आकडा त्यांच्यासाठीच लिहिलेला होता.

दुपारी 4

आता अक्षरं. राज्याच्या दुकानांविषयीच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 25 सप्टेंबर 2023 ला व्यापाऱ्यांना अशा पाट्या लावायला दोन महिने दिले तेव्हा आमच्याकडे रांग लागली होती.

पण अक्षराची उंची कुठून कुठे मोजायची? "मूर्तिजापूर" घ्या. वर रफार आणि वेलांटी, खाली दोन दीर्घ उकार. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत इंग्रजी कॅपिटलएवढी उंची धरली तर शिरोरेषेखालचा मूळ म किंवा ज बारीक होतो. पाटी नियमात बसल्यासारखी वाटते आणि रस्त्यावरून इंग्रजीच मोठी दिसते. म्हणून मी शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची कॅपिटलएवढी घेतो आणि मात्रांना वर-खाली वेगळी जागा सोडतो. बोर्ड काही इंच उंच होतो, पण मराठीला तिचं पूर्ण माप मिळतं.

दुसऱ्या लिपीला त्यानंतर खुशाल जागा द्यावी. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीसोबत उर्दू असण्याला आव्हान दिलं गेलं होतं. 15 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं ती उर्दू कायम ठेवली. तो फलक सरकारी इमारतीचा होता, पण इतवारा बाजारातलं गिऱ्हाईक उर्दू अक्षरांबद्दल विचारतं तेव्हा मी हा निकाल आवर्जून सांगतो.

संध्याकाळी 6:30

अंबागेटजवळ बोर्ड चढवतोय. खालच्या कडेची उंची मी पायरीपासून घेत नाही, रस्त्याच्या आजच्या पातळीपासून घेतो. डांबराचे थर चढत जातात, रस्ता वर येतो आणि जुने बोर्ड डोक्याला लागू लागतात. भिंतीपासून बोर्ड किती पुढे येतो तेही मोजतो, कारण तो भाग दुकानाच्या हद्दीबाहेर, लोकांच्या रस्त्यावर लोंबकळत असतो.

रात्री 8:30

दिवे लावून पाहतो, समोरच्या खिडकीत उजेड घुसत नाही ना ते तपासतो. मग मालकांना एक कागद देतो: रुंदी, उंची, खालची कड, पुढे आलेला भाग, दोन्ही लिप्यांच्या अक्षरांची उंची, अँकरची संख्या, तारीख. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी अँकर बघायचे, हेही त्यावर लिहितो. बोर्डाचे पैसे मालक देतात, पण त्याच्या खालून जाणारा कुणीच आमचं गिऱ्हाईक नसतो. त्याच्या वतीनं टेप धरणारं आणखी कोणी तिथे नसतं, म्हणून तो हिशेब आम्ही बोर्डवाल्यांनीच ठेवायचा.