माळ्यावरचा ठेवा बाहेर काढा!

दरवर्षी १४ जानेवारीला जालना जिल्ह्यातून आपण मुलाबाळांसह विद्यापीठाच्या गेटवर जातो. शहिदांना अभिवादन करतो, पुस्तके घेतो आणि रात्रीपर्यंत घरी परततो. वाटेत मुले विचारतात, "एक नाव द्यायला एवढी वर्षे का लागली?" याचे उत्तर आपल्याच घरात आहे, पण ते माळ्यावर पडून आहे!

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे शहीद झाले. १९९३ साली नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. साडेपंधरा वर्षांचा हा लढा! तेव्हा विशीत असलेले कार्यकर्ते आज सत्तरीकडे झुकले आहेत. ते गेले की त्यांच्या आठवणीही जातील.

म्हणून गावोगावच्या विहारांत नामांतराचे प्रदर्शन भरवावे. मात्र चार फोटो आणून टांगायचे आणि पाहुण्यांच्या हस्ते फीत कापायची, असे नको. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनची 'डिस्ट्रिक्ट सिक्स' ही वस्ती १९६६ साली गोऱ्यांसाठी राखीव ठरवली गेली. सुमारे साठ हजार लोकांना हुसकावून घरांवर बुलडोझर फिरवले. १९९४ साली तिथे संग्रहालय उघडले. जमिनीवर जुन्या वस्तीचा मोठा नकाशा अंथरला आणि उठवलेल्या लोकांनी आपापल्या घराच्या जागी स्वतःच्या हाताने नावे लिहिली. लोकांनी कापडावर आठवणी लिहिल्या, त्या दोऱ्याने शिवून पक्क्या केल्या. आपल्या आयाबहिणींना सुईदोरा का परका आहे?

आपणही तसेच करू. तुरुंगातून आलेले पत्र, मोर्चाचे हँडबिल, आगीत काळवंडलेला हंडा, जे असेल ते आणावे. कचेरीत आवक रजिस्टर असते तसे एक रजिस्टर ठेवावे: अनुक्रमांक, वस्तू, देणाऱ्याचे नाव, तारीख, सही किंवा अंगठा. देणाऱ्याला पोच द्यावी. वस्तूखालची चिठ्ठी देणाऱ्याच्याच शब्दांत असावी. नाव लावायचे की नाही, हेही त्यानेच ठरवावे.

आणखी एक. गाव तेव्हा दुभंगले होते. दुसऱ्या आळीतल्या म्हाताऱ्यांनाही बोलवावे. कुणी आसरा दिला असेल, कुणी दार लावून घेतले असेल. त्यांनाही लिहू द्यावे. सलोख्यासाठी सत्य झाकू नये आणि रागापोटी वाढवूही नये.

"जुनी जखम कशाला उकरता?" असे काहीजण म्हणतील. त्यांना सांगावे, जखम झाकली म्हणून भरत नाही. मुलांना ती अर्धवट कळण्यापेक्षा पुरी कळलेली बरी.

तेव्हा येत्या १४ जानेवारीची वाट पाहू नका. माळ्यावरची पेटी आजच उतरवा, आजीला शेजारी बसवा आणि मुलाच्या हाती वही-पेन द्या.

जयभीम!