चक्र फिरतं तेवढा वेळ

मुखेडच्या एखाद्या अभ्यासिकेत रात्री दहाला जाऊन बसावं आणि पोरांच्या पुस्तकांऐवजी अंगठ्यांकडे बघावं. स्क्रीन खाली ओढली जाते, छोटंसं चक्र गोल फिरतं. नवं काहीच नाही. मोबाइल पालथा. दोन मिनिटांत पुन्हा सुलटा. नांदेड विद्यापीठाचा निकाल लागला का? भरतीची जाहिरात पडली का? निदान कुणाचा मेसेज?

चक्र फिरतं तेवढ्या वेळात डोक्यात काय घडत असावं? मेंदूशास्त्रज्ञ वोल्फराम शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींना जणू कान लावले. पडद्यावर चित्र दिसायचं, दोनेक सेकंदांनी जिभेवर रसाचा थेंब पडायचा. २००३ साली त्यांनी मांडलेलं निरीक्षण असं : थेंब मिळणारच हे पक्कं असलं, की मधल्या वेळात पेशी निवांत. मिळणारच नाही हे पक्कं, तरी निवांत. पण शक्यता निम्मी-निम्मी ठेवली, की त्यांची लगबग क्षणाक्षणाला चढत जायची. थेंब अजून पडलेलाही नाही, आणि मेंदू जागा झालाय तो नुसत्या ‘कोण जाणे’वर!

माणूस म्हणजे माकड नव्हे, हे खरं. पण मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरची कबुतरंही हेच सांगतात. दर टोचीला दाणा मिळणारं कबुतर दाणा बंद होताच लवकर थांबायचं. अवचित दाणा मिळणारं मात्र पुढे हजारो वेळा चोच मारत राहायचं.

आता अभ्यासिकेतल्या एखाद्या पोराकडे पुन्हा बघा. मायबाप ऊसतोडीला कारखान्यावर, हा तालुक्याला भाड्याच्या खोलीत. भरती कधी निघेल, पाऊस कधी पडेल, सगळंच ‘कोण जाणे’. त्यात एकटेपणा. एकटेपणा, चिंता, उदासी यांचं इंटरनेटच्या अतिवापराशी नातं जगभरच्या विद्यार्थ्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसलंय. एक दुसऱ्याला वाढवतं, दुसरं पहिल्याला, असंही काही अभ्यासांत दिसलंय. मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांनी १९९८ मध्ये इंटरनेटचं व्यसन तपासणारी वीस प्रश्नांची चाचणी तयार केली. त्यातला एक प्रश्न मला फार आतला वाटतो : आयुष्यातले त्रासदायक विचार झाकायला तुम्ही इंटरनेटच्या सुखद विचारांचा आसरा घेता का? त्या पोराला ‘आळशी’ म्हणणाऱ्यांनी आधी हा प्रश्न वाचावा.

साडेदहाला त्याचा मोबाइल खरोखर वाजतो. कारखान्यावरून माय. तो जिन्यात जाऊन बसतो. “जेवलास का रं?” इथपासून सुरू झालेलं बोलणं बैलांच्या चाऱ्यापर्यंत जातं. तेवढा वेळ अंगठ्याला कामच नसतं.