हृद्रोग्याचा व्यायाम, घरबसल्या

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसास घरांतील मंडळी ज्या प्रेमानें जपतात, तें प्रेमच पुष्कळदां त्याच्या मुळावर येतें. आमचे वडील बंधू विरार येथें राहतात. त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनींत जाळी बसवून त्यांस घरीं आणिलें, तेव्हां सोबतच्या कागदावर औषधांची यादी होती. पण चालावें किती, जिना चढावा कीं नाहीं, याविषयीं एक अक्षर नव्हतें. सबब सुनांनीं त्यांस पाण्याचा तांब्याही उचलूं दिला नाहीं. दीड महिन्यांत पाय बारीक झाले, आणि मनानें तर ते खाटेसच खिळले.

पूर्वीं वैद्यकशास्त्रही असेंच सांगे. रोग्यास कित्येक आठवडे निजवून ठेवीत. १९५२ सालीं बोस्टन येथील लेव्हाइन व लाऊन या डॉक्टरांनीं अशा रोग्यांस लवकर खुर्चींत बसविण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि हळूहळू मत पालटलें. आज ज्यास हृदय-पुनर्वसन म्हणतात, त्यांत बेताबेतानें वाढविलेला व्यायाम, पथ्याचा आहार, तंबाखूचा त्याग, औषधांचा नेम आणि मनांतील भीति घालविणें हें सारें येतें.

अडचण अशी कीं, हे वर्ग बहुधा मोठ्या रुग्णालयांत, आठवड्यांतून दोनतीनदां, बारा आठवडे चालावयाचे. विरारहून चर्चगेट सुमारें ६० किलोमीटर. लोकलच्या गर्दींत जेथें धडधाकट तरुण घुसमटतो, तेथें नुकत्या उठलेल्या हृद्रोग्यानें काय करावें? म्हणून हल्लीं हेंच शिक्षण मोबाईलच्या पडद्यावरून देतात. २५ मार्च २०२० रोजीं केंद्र सरकारनें दूरस्थ वैद्यकसल्ल्याचे नियम प्रसिद्ध केले, त्यामुळें डॉक्टरांचाही संकोच गेला. बेताच्या धोक्याच्या रोग्यांस घरच्या व्यायामाचा गुण रुग्णालयांतल्याइतकाच येतो, असें अनेक देशांतील चाचण्या एकत्र पाहतां दिसतें. ज्यांचें हृदय फारच दुर्बल आहे किंवा ठोके अनियमित पडतात, त्यांनीं मात्र प्रारंभ रुग्णालयांतच, डॉक्टरांच्या नजरेखालीं करावा.

बंधूंस शिकविणारी मुलगी नातीच्या वयाची. गॅलरींत फेऱ्या घालतांना ती म्हणाली, “आजोबा, चालतां चालतां कांहीं बोला.” त्यांनीं रामरक्षा म्हटली. यांतील इंगित असें कीं, सहज बोलतां येतें तोंवर श्रम बेताचा. शब्दाशब्दाला धाप लागली कीं तो अधिक झाला. केवळ नाडी मोजून हें नेहमींच कळत नाहीं, कारण बीटा-ब्लॉकर जातीचीं औषधें तिचा वेग दाबून ठेवितात. आरंभीं कांहीं मिनिटें सावकाश चालून अंग तापवावयाचें, शेवटीं तसेंच निववावयाचें. छातींत दडपण किंवा घेरी आली कीं तत्काळ थांबावयाचें, आणि तें न ओसरल्यास १०८ ला दूरध्वनि.

आपल्या योगाचीही परीक्षा झाली आहे. भारतांतील २४ रुग्णालयांतून ३,९५९ रोग्यांवर झालेल्या ‘योग-केअर’ चाचणीचे निष्कर्ष २०२० सालीं प्रसिद्ध झाले. पुनः झटका वा मृत्यु टळतो असें त्यांतून सिद्ध झालें नाहीं. परंतु पूर्वींच्या कामाधामास लागणें व स्वतःस बरें वाटणें यांत लाभ दिसला. योगाभिमान्यांनीं यांतील पहिला भाग गाळूं नये.

स्त्रिया या शिक्षणास सर्वत्रच कमी येतात. घरकाम हाच त्यांचा व्यायाम, असें घरच्यांनीं परस्पर ठरविलेलें असतें!

गेल्या आठवड्यांत बंधू जिना उतरून स्वतः भाजी घेऊन आले. धाकटी सून अजून दारांतच पिशवी हातांतून काढून घेते, आणि त्यावरून दोघांचा रोज वाद होतो.